लाइन चालू करण्याआधीचं बोलणं

मी कर्जतला राहते आणि विजेच्या जाळ्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करते. शेजाऱ्यांच्या लेखी याचा अर्थ एकच. लाइट गेली की माझं दार वाजवायचं. "तुमच्या कॉम्प्युटरात बघा ना, कधी येतेय ते." मी सांगते की लाइट गेल्यामुळे माझ्या कॉम्प्युटरातही आत्ता काही दिसत नाही. यावर आजवर कोणी हसलेलं नाही.

या कामाआधी मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. तिथून इथे कशी आले, ही गोष्ट लांब आणि कंटाळवाणी आहे. पण काम फारसं बदललं नाही. माहिती कुठून निघेल, कुठे थांबेल, कोणाच्या परवानगीने पुढे जाईल आणि चुकली तर कोणी अडवायची, हे डेस्कवर बातमीबाबत ठरवत होते, आता विजेबाबत ठरवते. याला सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर म्हणतात आणि मी त्या गटाची प्रमुख आहे. माझ्या हाताखालची मुलं माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहेत. कोणता प्रश्न विचारायचा राहिला, हे शोधणं माझ्याकडे असतं.

आमचं ताजं काम परमिटचं होतं. लाइनवर दुरुस्ती निघाली की उपकेंद्रातला ऑपरेटर त्या भागाची वीज बंद करतो आणि वायरमनला खांबावर चढायची परवानगी देतो. हे परमिट. काम संपलं की वायरमन परमिट परत करतात आणि ऑपरेटर वीज सोडतो. वर्षानुवर्षं हा सगळा व्यवहार फोनवर चालत आला. टोळीचा मुकादम सांगायचा, "झालं, सोडा," आणि ऑपरेटर सोडायचा. टोळीतले सगळे खरंच खाली आलेत की नाही, हे मुकादमाच्या नजरेवर अवलंबून.

आम्ही ते बदललं. मुकादमाने मोबाइलवर "काम पूर्ण" दाबलं की टोळीतल्या प्रत्येकाच्या फोनवर वेगळा ओटीपी जाणार. प्रत्येकाने आपापला ओटीपी भरला तरच ऑपरेटरच्या पडद्यावरचं बटण हिरवं होणार. एक जरी राहिला तरी बटण बंद. नवी मुंबईतल्या थंडगार खोलीत पांढऱ्या फळ्यावर आम्ही हे काढलं तेव्हा फार देखणं दिसत होतं. एकाने त्याचा फोटो काढून ठेवला.

चाचणीसाठी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली काही उपकेंद्रं निवडली. त्यामागे मोठा विचार नव्हता. मला घरून जायला सोपी होती, एवढंच.

काही आठवड्यांनी आकडे जमायला लागले. शेवटचा ओटीपी आल्यापासून वीज सोडेपर्यंत किती वेळ लागला, हे प्रत्येक उपकेंद्रापुढे रंगात दिसायचं. बहुतेक ठिकाणी हिरवा. कुठे कधी पिवळा. कुंभिवलीच्या बाजूचं एक उपकेंद्र मात्र लाल, तेही एकाच पाळीत. त्या पाळीला असायच्या एक बाई.

विभागाचे साहेब कामाला वक्तशीर आणि बोलायला मोकळे. त्यांनी मला फोन केला. "मॅडम, तुमचा लाल रंग बघतोय रोज. बाईंची बदली काढलीय मी. महाडच्या पलीकडे जागा रिकामी आहे, तिथे भार कमी. ऑर्डर टाइप होऊन टेबलावर आहे. शुक्रवारच्या बैठकीत सही करतो. त्याआधी तुम्ही एकदा बघून या, चूक सिस्टीमची आहे की बाईंची."

"दोघांचीही नसली तर?"

"मग शुक्रवारी बैठक लांबेल," साहेब म्हणाले.

मी बुधवारी गेले. उपकेंद्र हमरस्त्यापासून थोडं आत आहे. मागे कारखान्याची भिंत, पुढे भाताची खाचरं. आत पॅनलची संथ घरघर, आणि रस्त्यावर जड गाडी गेली की खिडकीची काच तिला साथ देते. बाई टेबलाशी बसल्या होत्या. चाळिशीच्या अलीकडच्या, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेल्या, खालापूरजवळच्याच गावातल्या. मी कशासाठी आले ते त्यांना आधीच कळलं होतं.

"बसा मॅडम. आधी चहा घेता, का आधी लाल रंगाचं बोलता?"

चहा घेतला. त्यांनी स्वतःहून सांगितलं. मुलगी दहावीला आहे. नवरा टेंपो चालवतो, उजाडायच्या आत कारखान्याचा माल घेऊन निघतो, परत यायची वेळ ठरलेली नसते. बदली झाली तर मुलीला ऐन वर्षात शाळेतून काढून न्यावं लागेल, नाहीतर दिवसभर एकटीला घरी ठेवावं लागेल. "तिला तिकडं नेता येत नाय, इथं ठेवता येत नाय. साहेबांना काय, सही केली का झालं. त्यांचं पण बरोबर हाय म्हणा, त्यांच्यापुढं लाल दिसतंय. लाल कोणी केलं?"

"आम्ही," मी म्हटलं.

"मंग चहा अजून घ्या," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी एका फीडरचं, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणाऱ्या एका लाइनचं, काम आधीच ठरलेलं होतं. फांद्या तोडायच्या होत्या आणि एका खांबावर नवा जंपर बसवायचा होता, म्हणजे दोन तारा जोडणारा तारेचा तुकडा. दुपार कलायला लागली तेव्हा टोळीचे ओटीपी यायला लागले. पडद्यावर एकामागून एक खूण उमटत गेली. शेवटची खूण उमटली आणि बटण हिरवं झालं. त्या क्षणापासून आमचं घड्याळ चालू झालं.

बाईंनी बटणाला हात लावला नाही. टोळीला फोन लावला.

"जय भीम ताई," पलीकडून टोळीतल्या एकाचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता.

"जय भीम. आज डब्याला काय व्हतं रं?"

"काय सांगू ताई. दुधी. कालपण दुधी. रात्री म्हटलं बदल कर, तर आज दुधीची आमटी. आमच्या दारात वेल हाय ना, तो काय आटपत नाय."

"वेल तू लावलास, खाणार कोण?"

"लावला मी, पण एवढा येईल असं वाटलं नव्हतं."

"दुसऱ्याला दे फोन."

दुसऱ्याने त्याच दुधीची तक्रार केली, कारण त्यालाही त्यातली वाटून मिळाली होती. मी घड्याळाकडे बघत होते. पडद्यावरचा चौकोन हिरव्याचा पिवळा झाला. मध्येच टेबलावरचा दुसरा फोन वाजला. गावातला गिरणीवाला होता.

"ताई, लाइट कवा? बाया डबं घेऊन बसल्यात. निम्मं दळण झालंय, निम्मं गिरणीत अडाकलंय."

"सोडते. बायांना म्हणावं, बोला तवर."

"त्या बोलतातच हो. मलाच बोलतात."

बाईंनी तो फोन ठेवला आणि स्पीकरवरच्या पहिल्या फोनकडे वळल्या. आता शेवटचा माणूस राहिला होता, जंपर बसवणारा.

"त्याला दे."

मुकादम म्हणाला, "अगं ताई, त्याचा ओटीपी दिलाय की."

"ओटीपी मी खाते काय? त्याला दे."

"फोन माझ्याकडंच हाय त्याचा."

"मंग नेऊन दे."

थोडा वेळ फक्त वाऱ्याचा आवाज. मग लांबून, पुसटसं, "हां ताई."

"डब्याला काय व्हतं?"

"भाकर."

"कालवण कसलं?"

वारा.

"बोल की रं. कालवण?"

"नंतर."

बाई खुर्चीतून उठल्या. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "मुकादम, तो वर हाय काय?"

मग मुकादम म्हणाला, "एकच बोल्ट राहिलाय ताई. उतरतोच हाय."

"मंग ओटीपी कसा आला?"

"इथं खड्ड्यात रेंज नसती. मघाशी दोन काड्या आल्या, म्हटलं आत्ताच मागवून टाकू. सगळ्यांचं फोन माझ्याच पिशवीत, वर चढताना कोण खिशात घेतं? मेसेज आलं, भरलं. गॅसच्या गाडीवाल्याला देतो तसं."

"गॅसवाला टाकी देतो. मी अकरा हजार व्होल्ट देते," बाई म्हणाल्या. "उतरव त्याला. आणि त्याच्या हातात फोन दे, वर धरू नको."

खाली अर्थिंगची साखळी, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरवणारी, लावली होती का, हे मी त्यांना विचारायला लावलं. लावली होती, असं उत्तर मिळालं. ते फोनवरचं उत्तर होतं. मी ते तेवढंच धरलं.

बऱ्याच वेळाने तो माणूस स्वतः बोलला. धाप लागलेली होती, पण बोलणं सलग होतं. "ताई, वांगं व्हतं सुकट घालून. पण मिठाचा पत्ता नाय. सकाळी बायकोला बोललो, तर म्हणते, दिवसभर घामच गाळता ना, तोच चाटा. आता सांगा."

"बरोबर बोलली. पोरं लांब झाली का खांबापासून?"

"झाली. दुधीवाला आधीच लांब हाय."

बाईंनी बटण दाबलं. पॅनलमध्ये खट्ट वाजलं. पडद्यावरचा चौकोन तोवर लाल होऊन गेला होता. गिरणीवाल्याचा फोन पुन्हा आला नाही, त्यावरून गिरणी चालू झाली असं समजायला हरकत नव्हती.

आमच्या पडद्याने त्या दुपारी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. टोळीतले सगळे खाली आहेत, ही एक. ऑपरेटर मंद आहे, ही दुसरी. पहिली खोटी होती. दुसरीचं काय करायचं ते मला ठरवायचं होतं.

मी बाईंना म्हटलं, "खांबावरचा माणूस एका शब्दात बोलतो. त्याचे हात अडकलेले असतात, लक्ष तारेवर असतं, फोन लांब असतो. खाली उतरलेला माणूस भाजीला नावं ठेवतो. हे तुम्ही ठरवून करता का?"

बाई विचारात पडल्या. "असं काय नाय मॅडम. दिवसभर या पॅनलची घरघर ऐकायची. माणसाचा आवाज आला का बरं वाटतं. मला बोलायला लागतं, एवढंच."

"शुक्रवारी असं सांगू नका."

"मंग काय, खोटं सांगू?"

डेस्कवर असताना मी कितीतरी नव्या बातमीदारांना दटावलं होतं, की सांगणाऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका. मी तो विषय सोडला.

घरी आल्यावर मी बाईंच्या पाळीतले जुने फोन किती लांबले होते ते काढून बघितलं. सगळीच लांबी काही सुरक्षेसाठी नव्हती. काही कामांना टोळीत एकच माणूस होता, तो खाली रस्त्यावर उभा राहून फ्यूज बदलत होता, आणि तरी बोलणं चाललं होतं. मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. बाईंनी लपवलं नाही. "त्याच्या मेहुणीचं जमलंय. तेच विचारत व्हते." मी हेही अहवालात घेतलं. अर्धी बातमी देण्यापेक्षा न देणं बरं, असं आम्हाला शिकवलं होतं.

माझ्या गटातली मुलं उत्साही. मी घडलेलं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत एकाने नवा पडदा तयार करून पाठवला. ओटीपी भरला की वायरमनने आपली भाजी निवडायची. पालेभाजी, उसळ, सुकट, इतर. ऑपरेटरकडे ती दिसणार आणि जुळली तर बटण उघडणार.

"ही भाजी कोण निवडणार?" मी विचारलं.

"वायरमन."

"फोन कोणाच्या पिशवीत?"

मग तो म्हणाला, "इतर हा पर्याय काढून टाकू का?"

मी पडदाच काढून टाकायला सांगितलं. ठरलेला प्रश्न ठेवला की ठरलेलं उत्तर येतं. "आपण सुरक्षित खाली उतरलात काय?" असं लिहून दिलं, तर उत्तर "हो" येणार. "हो" एका शब्दाचं असतं आणि ते खांबावरूनही देता येतं.

शुक्रवारची बैठक विभागाच्या कार्यालयात झाली. साहेब, मी, उपकेंद्रांचे ऑपरेटर. साहेबांच्या उजव्या हाताला बदलीचा कागद, त्यावर पेन आडवं. बाई खिडकीच्या बाजूला बसल्या होत्या, कडक इस्त्रीच्या साडीत, परीक्षेला आल्यासारख्या.

मी बुधवारी जे बघितलं आणि ऐकलं ते क्रमाने सांगितलं. मेहुणीचंही सांगितलं. खोलीत हशा झाला. साहेब हसले नाहीत.

"म्हणजे आता परमिटमध्ये भाजीचा रकाना घालू?" त्यांनी विचारलं.

"तो प्रयत्न झाला. मी काढून टाकला."

साहेब बाईंकडे वळले. "ही तुमची पद्धत आहे का, बाई? ठरवून करता?"

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. "पद्धत नाय साहेब. सवय हाय."

साहेबांनी पेन उचललं. मला वाटलं, संपलं. पण ते पेन हातात धरूनच दुसरीकडे बघत होते, आमच्या छापील तक्त्याकडे, जिथे एक रकाना वरपासून खालपर्यंत हिरवागार होता. तो रकाना ज्यांचा, ते कर्जतच्या बाजूचे ऑपरेटर पुढच्याच रांगेत होते. नोकरीत मुरलेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"तुमचं कसं जमतं हो?" साहेबांनी त्यांना विचारलं. "कधी पिवळासुद्धा नाही."

"सोपं हाय साहेब. बटण हिरवं झालं का मी दाबतो. सिस्टीम बोलते दाब, मी दाबतो."

"कोणाशी बोलत नाही?"

"बोलायचं कशाला? ओटीपी आलेलं असतात ना."

"ते कोण भरतं?"

"खालचा माणूस."

"सगळ्यांचे?"

"फोन त्याच्यापाशीच असतात की. वर कोण नेतो?"

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. साहेब त्या हिरव्या रकान्याकडे बघत राहिले. मीही बघत होते. तो रंग आम्हीच निवडला होता.

"देवाची कृपा म्हणायची," साहेब म्हणाले, आणि पेन खाली ठेवलं.

त्यानंतर बैठक खरंच लांबली. मी मांडलेली दुरुस्ती साधी होती. सगळे ओटीपी आले की लगेच बटण हिरवं होणार नाही. मध्ये एक पायरी येईल. त्या पायरीवर ऑपरेटर टोळीतल्या प्रत्येकाशी स्वतः बोलेल आणि बोलणं झालं असं नोंदवेल. तेवढा वेळ आमचं घड्याळ थांबलेलं राहील. घड्याळ पुन्हा चालू होईल ते बोलणं झाल्यावर. काय बोलायचं, ते कुठेही लिहिलेलं नसेल. पडद्यावर फक्त दिसेल: बोलणं चालू आहे.

"यात मेहुणीपण बसणार," साहेब म्हणाले.

"बसणार."

"वेळेला मर्यादा घाला."

"मर्यादा घातली की लोक मर्यादेपुरतं बोलतील, आणि उशीर नको म्हणून 'हो'वर समाधान मानतील."

"आणि तिकडे गिरणीवाला मला फोन करणार."

"माझं तर दारच वाजतं. मी कर्जतला राहते."

यावर मात्र साहेब हसले. मर्यादेचं पुढच्या बैठकीवर टाकलं. त्यांनी बाईंचे जुने आकडे बोलण्याचा वेळ वगळून लगेच काढून मागितले. मी लॅपटॉपवर काढले. बाई सगळ्यांत पहिल्या आल्या नाहीत, मधोमध आल्या. बोलणं संपल्यावर त्या बटण वेळेत दाबत होत्या, एवढंच त्यातून दिसत होतं. साहेबांना तेवढं पुरलं.

त्यांनी बदलीचा कागद फाडला नाही. दोनदा घडी घालून खणात ठेवला. "दहावी होऊ दे मुलीची," ते म्हणाले. "मग बघू. आणि बाई, फ्यूज बदलणाऱ्याशी जरा कमी बोला."

"बोलते," बाई म्हणाल्या. मग सावरून, "म्हणजे कमी बोलते."

ती पायरी आता सगळ्या चाचणी-उपकेंद्रांत आहे. कर्जतच्या बाजूचे ते ऑपरेटर सुरुवातीला फोन न करताच "बोलणं झालं" दाबायचे, म्हणून आम्ही फोन खरंच लागला का ते तपासणारी जोड दिली. आता ते फोन करतात. ते भाजी विचारत नाहीत. त्यांनी पावसाचं विचारायला सुरुवात केली आहे, आणि इकडच्या माणसाला पावसाचं विचारलं तर तो एका शब्दात थांबत नाही. हिरवा रकाना गेला. बोलण्याचा वेळ घड्याळात धरत नाही, पण तक्त्यात तो पिवळ्याने दिसतो, म्हणून तक्ता आता बहुतेक पिवळा असतो. वरच्या कार्यालयातून त्याबद्दल विचारणा होते आणि मी दर वेळी तेच उत्तर पाठवते: बोलणं चालू आहे.

त्या शुक्रवारी बैठक संपल्यावर मी बाईंबरोबर खाली आले. आवारात स्कूटरपाशी उभं राहून त्यांनी घरी फोन लावला.

"नाय होत गं बदली. दहावीपर्यंत तरी नाय." मग बराच वेळ ऐकून घेतलं. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला आणि त्या जागी घरचा नेहमीचा वैताग आला. फोनवर हात ठेवून त्या मला म्हणाल्या, "रडतेय का हसतेय कळत नाय. मी तिकडं गेले असते तर हिचा हिला मोबाइल मिळणार व्हता, संपर्काला. पप्पा बोलले व्हते. आता म्हणते, मंग मोबाइलचं काय?"

"काय सांगणार?"

"काय सांगायचं? आई मिळाली, मोबाइल गेला." त्यांनी फोन परत कानाला लावला. "गणिताचं पुस्तक काढून बस. आले मी." मग हेल्मेट चढवलं आणि दुपारच्या पाळीआधी घराकडे एक चक्कर मारायला निघून गेल्या.